विंगेत

महाराजपुऱ्याच्या हँगरमध्ये पहाटे साडेचारला
मी त्याचा उजवा पंख पुसतो.
त्रिकोणी, पातळ, कडेला हात लावू नये असा.
मागे शेपटीचे आडवे पंख नाहीतच;
त्यांचं काम याच पंखाच्या मागच्या कडेला दिलंय,
बोटांसारख्या हलणाऱ्या चार झडपांना.

कागदोपत्री हे विमान 'बहुउद्देशीय'.
मला तो शब्द सहकारी सोसायटीचा वाटतो.
मी म्हणतो, बहुरूपी.

सातला दोन सडपातळ क्षेपणास्त्रं आणि पोटाशी टाकी:
पहारेकरी.
दहाला कुरियन ट्रॉली ढकलत येतो,
टाकी उतरते, बॉम्ब चढतात.
दुपारी ते सगळं काढून एक लांबट कॅमेरा,
आता नुसता बघ्या.
नऊ खुंट्या आहेत. टांगाल ते पात्र.
आणि हे सगळं आम्ही वाकून करतो, पंखाखाली,
म्हणजे विंगेतच.

दाजीमामा लष्करच्या गणेशोत्सवात
(लष्कर म्हणजे आमचा भाग, फौज नव्हे)
एका नाटकात तीन कामं करायचा.
माणसं कमी, हौस फार.
पहिल्या अंकात दिवाण, दुसऱ्यात न्हावी,
तिसऱ्यात एक आंधळा, जो खरं तर आंधळा नसतो.
मी नऊ वर्षांचा, विंगेत दोन्ही हातांत मिशा घेऊन उभा.
एकदा अदलाबदल झाली.
न्हाव्याच्या मिशीतला दिवाण बघून लोक खदखदले,
मामानं प्रवेश निभावला
आणि आत येऊन माझा कान पिळला.

अजून मी प्रत्येक खिळ तीनदा तपासतो.

ट्रेनिंगमध्ये सांगितलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं:
हे मुद्दामच असं बांधलंय
की आपणहून सरळ उडता येऊ नये.
स्थिर असतं ते वळायला आळस करतं,
म्हणून गुरुत्वमध्य मागे सरकवला.
सोडून दिलं तर नाक उसळेल, विमान उलटेल.
सोडत नाहीत त्या चार पेट्या,
क्षणात कितीदा तरी कडांना सांगत राहतात:
किंचित खाली. वर. परत खाली.
वैमानिक दांडी ओढतो ती नुसती इच्छा.

मामालाही सलग चार ओळी पाठ नसायच्या.
पडद्याआड नानू प्रभुदेसाई वही घेऊन कुजबुजायचा,
मामा पुढे झुकलेला, कान मागे.
लोक म्हणायचे, काय सहज बोलतो!

नाकाच्या काळ्या टोपीत रडार आहे,
आग्र्यापलीकडचं विमान त्याला दिसतं.
पायाखालचा खडा दिसत नाही.
तो इंजिनात ओढला गेला तर खेळ संपला,
म्हणून उजाडताना आम्ही अठरा जण
ओळीनं धावपट्टी चालतो, माना खाली.
खडे, एक नट, बिडीचं थोटूक,
एकदा अख्खं मोरपीस. कुरियननं ते टोपीत खोचलं
आणि ओरडा खाल्ला.

मग आफ्टरबर्नर.
पिंटो पार्कात माझ्या घरच्या कपबशा वाजतात,
सुनंदा म्हणते, गेलं वाटतं तुमचं.

परवा रात्री तिसऱ्या वेषात गेलं.
सराव की आणखी काही, आम्हाला सांगत नाहीत.
पहाटे तीन वीसला आलं,
दोन खुंट्या रिकाम्या.
वैमानिक उतरला, बाटलीभर पाणी प्यायला,
शिडीच्या पायरीवर बसून राहिला.
नऊपट वजनाखाली दबलेला माणूस
खाली आल्यावर इतका हलका दिसतो
की बोलायची भीती वाटते.
कोणी विचारलं नाही.

नाटक संपल्यावर मामा खोबरेल तेलानं रंग पुसायचा.
एकदा अर्धीच भुवई पुसून थांबला,
आरशात बघत,
खाली गणपतीपुढे प्रसाद वाटून झाला तरी.

मी फडकं घेऊन काजळी पुसायला लागलो.
धातू अजून गरम होता.
मग हत्यारांचा फळा:
एक्केचाळीस आकृत्या, चाळीस पाने.
दहा नंबरचा माझ्याच खिशात निघाला.
जागेवर लावला.
सही केली.