फ्रीज बंद करून

आधी फ्रीज बंद करायचा.
त्याची घरघर माइकला माणसाच्या आधी ऐकू येते,
हे सातशे रुपये मोजून झाल्यावर कळलं.
लॅमिंग्टन रोडवरचा तो पोरगा यातलं काही बोलला नव्हता,
फक्त म्हणाला होता, ताई, वॉरंटी नाही.
फ्रीज बंद केला की घराची किल्ली आत ठेवायची, अंड्यांच्या खणात.
बाहेर पडताना किल्ली सापडत नाही
आणि फ्रीज आठवतो.

कन्नमवार नगरात समोरची चाळिशीतली इमारत पाडून
तिच्या जागी तेवीस मजले रोवताहेत.
यंत्र एक ते दोन जेवायला थांबतं.
तेवढा एक तास माझा स्टुडिओ.

तांदळाच्या डब्यावर मिक्सरचं भांडं,
भांड्यात मोबाइल, मोबाइलच्या बुडाशी मोजा.
ट्यूबलाइटला बटरपेपर गुंडाळलेला.
आई म्हणाली, यात नानकटाई भाजायची होती.

पहिला पाहुणा : खालच्या मजल्यावरचे दिगंबर कुडतरकर.
बसच्या कपाळावरच्या पाट्या लिहायचे, ब्रशने,
अर्ध्या शहराला कुठे जायचं ते सांगायचे.
जिन्यात भेटले की थांबवत नाहीत बोलायचे.
आणि आता, इस्त्रीचा शर्ट घालून,
काळ्या काचेच्या त्या टिचभर डोळ्यासमोर
बसलेत गप्प, पासपोर्टच्या फोटोसारखे.

मी विचारलं, सुरुवात कशी झाली?
म्हणाले, झाली.
एक वाजून अकरा मिनिटं.
मी विचारलं, आवडता रंग?
म्हणाले, तसं काही नाही.
एक वाजून एकोणीस.

मी सकाळी घरोघरी जाऊन रक्त काढते, लॅबसाठी.
सहा वर्षांत शिकले ते एवढंच :
सुई बघणाऱ्या माणसाला नातवाचं नाव विचारायचं,
आणि तो हसला की टोचायचं.
मी उठले. त्यांचा हात हातात घेतला,
कोपराच्या आत अंगठ्याने शीर चाचपली
(जाड होती, निळी, कुणालाही सापडावी अशी)
आणि सवयीने तोंडातून गेलं,
मूठ वळा, काका.

त्यांनी वळली.
आणि म्हणाले, एकदा मी मुलुंड चुकीचं लिहिलं होतं.
लु दीर्घ काढला, तोही ऐटीत, शेपटी ओढून.
ती पाटी तीन वर्षं फिरली, गं.
कुणी काही बोललं नाही.
लोक त्या लू-खाली चढले, उतरले,
बरोबर मुलुंडलाच पोचले.
मी मात्र त्या बसने कधी गेलो नाही.

यंत्र सुरू होईपर्यंत बोलत राहिले.
शेवटचं वाक्य अर्धं धडधडीत गेलं,
काहीतरी होतं, पिवळ्याबद्दल, की पोरीबद्दल.
पुन्हा विचारलं नाही मी.

रात्री बघितलं तर
मोजा सरकलेला, मोबाइल खाली झुकलेला.
अख्ख्या भागात काकांचं तोंडच नाही.
नुसते दोन हात.
एक वळलेली मूठ, हळूहळू उघडणारी,
आणि लू हवेत काढणारं बोट.
दुरुस्त करायला पैसे नव्हते,
पुन्हा काढायला पाहुणा नव्हता.
तसाच चढवला.

सदतीस जणांनी बघितलं.
त्यात नऊ वेळा आई,
चार वेळा मी,
आणि कुणीतरी एकाने, मुलुंडहून,
हसणारं तोंड पाठवलं.

त्या दिवशी मी बाहेर पडलेच नाही,
त्यामुळे किल्लीची गरज लागली नाही.
सकाळी आईने पातेल्यात दूध ओतलं आणि ते फाटलं.
तिने काही आदळलं नाही.
दुधाच्या वहीत, तारखेसमोर, तिच्या बारीक अक्षरात लिहिलं :
एक लिटर. नासलं. कार्यक्रम.

मग खिशातल्या पेन्सिलीसारखं सहज विचारलं,
पुढच्या रविवारी कोण आहे?
पनीर करायचं की सांगायला हवं.