खाट क्रमांक चार

पंधरा भाग झाले, मी डोळे मिटून पडून आहे,
पाजूच्या स्टुडिओत, प्लायवूडच्या अतिदक्षता विभागात.
नाकातली नळी कुठेच जात नाही,
सलाइनच्या बाटलीत नुसतं नळाचं पाणी.
रोजची मजुरी, दुपारचा डबा,
आणि काम एकच: हलायचं नाही.
बुसानच्या बुटांच्या कारखान्यात
तीस वर्षं उभी राहून काढली मी.
आता पडून राहायचे पैसे मिळतात.
उशिरा का होईना, फेडलं म्हणायचं नशिबाने.

तेव्हा डॉक्टर ओ जुन-हाबद्दल मला विचाराल
तर कामावर असताना मी त्याला पाहिलेलं नाही.
ऐकलंय.
डावा बूट करकरतो त्याचा.
धावत येतो, पण माझ्या खाटेच्या दोन पावलं अलीकडे
चाल मंदावते,
रात्रपाळीहून परतलेला माणूस
घरच्या दाराची कडी जपून काढतो, तशी.

हुशार आहे म्हणतात. असेल.
पाचव्या भागात लाइट गेल्यावर
कुणाची तरी फुटलेली धमनी त्याने बोटांनी चाचपून धरली.
सगळा देश श्वास रोखून होता.
मी शेजारीच होते; मला ऐकू आली
ती जनरेटरवाल्याची शिवी.

माझं त्याच्याशी नातं स्टेथोस्कोपापुरतं.
छातीला लावण्याआधी तो दर वेळी जरासा थांबतो.
आधी वाटलं, वाक्य विसरतो पोरगा.
मग कळलं,
ती चकती तो मुठीत धरून ऊन करत असतो.
कोमातल्या बाईला कसली आलीय थंडी?
आणि संहितेत तर तसं काहीच नव्हतं.

नवव्या भागात चूक त्याचीच होती,
डोसमध्ये एक शून्य जास्त.
कागदावर लिहिलेलं: बायकोसमोर उभा राहतो, माफी मागतो.
हा म्हणाला, उभा नको.
दिग्दर्शक वैतागला, घड्याळ, भाडं, सगळं काढलं.
हा म्हणाला, त्या बाकावर बसल्यात.
मी उभा राहिलो तर
रडायलासुद्धा त्यांना वर बघावं लागेल.
मग स्टूल ओढल्याचा आवाज.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग,
"यंत्राची नाही, नर्सची नाही. चूक माझी."
तेवीस वेळा.
तेविसाव्या वेळीही आवाज तिथेच चिरला,
'माझी'च्या जरा आधी.

माझा नवरा गेला तेव्हा डॉक्टर उभा होता.
तोही तरणाच.
लिफ्टचं बटण दाबून झालेलं.
त्याचं वाक्य संपायच्या आत लिफ्ट आली.
दोष देत नाही मी.
त्याला कुणी तेवीस वेळा
करून बघू दिलं नव्हतं.

"कट! चार नंबर, कोमात रडत नाहीत."
"येतं कधीकधी पाणी," डॉक्टर ओ म्हणाला, "वाचलंय मी."
बहुधा थाप असावी.

शनिवारी रात्री शेजारची योंग-जा येते,
भाजलेली रताळी घेऊन. आम्ही मालिका बघतो.
पडद्यावर त्याचा चेहराच चेहरा, भुवया, कपाळावरचा घाम.
"काय देखणा आहे गं!"
मी म्हणते, चकती ऊन करतो तो.
"कुठली चकती?"
मी दाखवायला जाते,
पण हात चौकटीच्या खाली राहिलाय.
कुठल्याच भागात तो हात आलेला नाही.
आता तो गुण डॉक्टरचा, की डॉक्टर झालेल्या पोराचा,
की दोघांनाही ठाऊक नसलेला,
हे योंग-जाला कसं सांगू?
ती रताळ्याची साल काढत राहते.

उद्या सोळावा भाग. मला शुद्धीवर यायचंय.
लेखकाने एकच शब्द दिलाय: पाणी.
न्हाणीघरातल्या आरशासमोर सराव करते आहे,
डोळे मिटते, उघडते.
साधा शब्द, पण मेला जमत नाही.
दर वेळी तोंडातून निघतं,
आधी बस, पोरा.