पान सात, समासात

क्लाक्सविकच्या वाचनालयातून रान्वानं आणलेलं पुस्तक
तिच्याहून चारच वर्षांनी लहान.
पहिला धडा: जगाला नमस्कार करा.
तिनं केला.
पडद्यानं लाल अक्षरांत झिडकारलं.

"आता कंस लागतात म्हणे," ती म्हणाली,
"तेव्हा लागत नव्हते."
मग पुस्तकाला जुळेल अशी जुनीच आवृत्ती घे की.
"मिळेल. पण तिची डागडुजी आता कुणी करत नाही, बाबा.
भोक पडलं तर पडलं."
एकतीस वर्षं सुकाणू धरलं मी,
एवढं मात्र कळलं.

नंतर तिला एक लायब्ररी हवी होती,
माशांच्या वजनाचे आलेख काढायला.
पुस्तकातली सापडली:
शेवटचा बदल नऊ वर्षांपूर्वी,
खाली तीनशे तक्रारी, उत्तर एकालाही नाही.
धक्क्याला अशा होड्या असतात.
तळाला शिंपले चढलेले,
दोर अजून मजबूत,
मालक कोण ते विचारू नये.

मी माळ्यावरून माझा नकाशा काढला.
त्यावर पेन्सिलीनं:
हा दिवा बंद. इथं नवा, हिरवा.
तारीख, सही.
खडक कुठलाच खोडलेला नव्हता.

ती बघत राहिली. कॉफीवर साय धरली.
मग म्हणाली, पेन्सिल द्या.
पान सात, समासात: कंस. नवी आवृत्ती. आजची तारीख.
पान अकरा: ही लायब्ररी नको, दुसरी शोधणे.
पान बारा अख्खं आडवं खोडलं,
जरा जास्तच जोरात.

मध्यरात्री यंत्रानं नमस्कार केला एकदाचा.
मी जागाच होतो.
उलट नमस्कार करावा की नाही,
कळेना.