पंचेचाळीस मिनिटांची बाजू

लॅमिंग्टन रोडला, रेझिस्टरच्या बरण्या मांडलेल्या दुकानावर
एक पोटमाळा होता, उभं राहिलं की पंखा डोक्याला लागेल असा.
तिथे विल्फ्रेड केणी तबकड्यांवरून कॅसेटी भरून द्यायचा
आणि मी, मराठी शाळेतून नुकती सुटलेली,
आतल्या कागदावर नावं लिहायचे.

इंग्रजी स्पेलिंगांशी माझं जुनं वैर.
म्हणून वहीत कव्हरांवरून ठेवलेली माझी माझी नावं:
रस्ता ओलांडणारे चौघे. त्रिकोण.
हात मिळवताना पेटलेला माणूस.
कारखान्यावरचं डुक्कर.
विल्फ्रेडने वही पाहिली, हसला नाही.
म्हणाला, डुक्कर दोघांनी मागितलंय, उद्याच्या उद्या लागेल.

जेवणानंतर तो साबणाने तीनदा हात धुवायचा,
तरी बोटांना बाटलीच्या मसाल्याचा वास राहायचाच.
तबकडी मग नुसत्या तळव्यांच्या कडांत धरायचा,
सांडशी नसताना गरम पातेलं उतरवावं तशी.
तबकड्या त्याच्या नव्हत्याच.
काही मरोळच्या मामाच्या,
बाकीच्या एका बोटीवरच्या थर्ड इंजिनियरच्या.
तो रॉटरडॅमहून शर्टांच्या घडीत घालून आणायचा,
पैसे घ्यायचा नाही. सुट्टीवर आला की
सोबत बसून ऐकायला कुणीतरी हवं, एवढंच.

अडचण साधी, गणिताची.
नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटं.
गाजलेले अल्बम कुणी आम्हाला विचारून थोडेच केलेले,
कुणी सत्तेचाळीस, कुणी साडेअठ्ठेचाळीस.
आणि दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकाला दुसरा अल्बम हवा,
पस्तीस रुपयांत दोन, कोण सोडतंय?

बाकीचे दुकानदार टेप संपेल तिथे संपू द्यायचे.
खट्.
गाणाऱ्याच्या तोंडातला शब्द तोंडातच.
विल्फ्रेडला ते सोसायचं नाही.
आदल्या रात्री तो शेवटचं गाणं चार-पाचदा ऐकायचा,
जागा शोधायचा,
जिथे गिटार दम घ्यायला थांबते
आणि ड्रमवाल्याने काठी उचललेली असते, मारलेली नसते.
तिथे आवाजाचं बटण अंगठ्याने
इतकं सावकाश खाली आणायचा
की मीटरचा काटा डुलकी लागल्यासारखा कलायचा.
संपलं, म्हणायचा.
संपलेलं नसायचं.

एकदा पोदारचा एक मुलगा, सुहृद टिपणीस,
मित्राकडे मूळ तबकडी ऐकून भांडायला आला.
शेवटची दोन मिनिटं कुठे गेली?
विल्फ्रेडने त्याला स्टुलावर बसवलं,
आधी ते ऐकवलं, मग हे.
मुलगा बराच वेळ बुटांकडे बघत बसला.
मग म्हणाला, पैसे राहू द्या. चहा सांगा.

आता त्या पोटमाळ्यावर मोबाइलच्या काचा बदलतात.
विल्फ्रेडला पोचवायला मरोळच्या चर्चमध्ये गेले
तेव्हा त्याच्या बहिणीने विचारलं, तुम्ही कोण?
म्हटलं, वही लिहायचे.

परवा भाच्याने फोनवर लावला त्यातलाच एक,
कुठला ते सांगत नाही.
मी पोळ्या लाटत होते. शेवटचं गाणं आलं,
ती जागा आली, गिटार थांबली,
माझा पिठाचा अंगठा लाटण्यावर आपोआप खाली सरकला
आणि गाणं थांबेचना.
पुढे अजून एक कडवं होतं.
वाईट नव्हतं. खरं तर चांगलंच होतं.
मावशी, हे ओरिजिनल आहे, भाचा म्हणाला.
असेल.
तव्यावरची पोळी करपली.

या शहरात, गोरेगावला, परळला, चेंबूर कॅम्पात,
पन्नाशी उलटलेली किती माणसं असतील
जी आंघोळ करताना ते गाणं गुणगुणतात
आणि एका ठरावीक जागी, बादलीत नळ सुरू असताना,
आवाज हळूहळू बारीक करत गप्प होतात.
त्यांना वाटतं, ते तिथेच संपतं.