काळी बोटं

पोरगी मेजर झाली तवा
म्या गावभर सांगतलं : बंदूक चालवते.
थे हासली.
"पोरायले केमिस्ट्री शिकवतो, बाबा.
उरल्या वेळात पाह्यतो,
जुनी दारू किती वर्सं शांत राह्यते."
आपल्या गावात त एक रात्र नाई राहत, म्या म्हनलं.

सुट्टीत आली, पह्यले विहिरीचं पानी मांगतलं.
पूर्णाकाठचं पानी, त्यात डाळ शिजत नाई.
दोन थेंब टाकले,
गिलास नासक्या दुधावानी.
"खारं हाय."
साठ वर्सं पेलो, मले सांगते!
तरी तिनं आकडा लिवला.
माह्या जिभेले पह्यल्यांदा नंबर भेटला.

बोटं मात्र काळी पडली.
मायनं चिंच लावून घासली,
डाग हालला नाई.
तशीच गेली एसटीनं.
आता तिकडं,
त्याच बोटायनं
सलाम ठोकत असंन.