उतरता बाक

गिऱ्हाईक आधी रंग बघतं.
व्हर्ना किनुनेन आली ती थेट गुडघ्यांवर बसली,
बुटांवरचं बर्फ फरशीवर वितळत असताना
बाकाच्या पोटाखाली डोकं घालून.
गाय घेणारा कास चाचपतो, तसं.

दुलुथ, जानेवारी, उणे सव्वीस.
माझं दुकान म्हणजे मासळीचं जुनं गोदाम.
बंद पडलेल्या व्यायामशाळा इथे येऊन पडतात:
शाळांच्या, चर्चच्या तळघरांतल्या,
एक तर तुरुंगातली.

पहिल्या बाकाला तिने दोन्ही हातांनी गदागदा हलवलं.
म्हटलं, फरशी वाकडी आहे हो.
तिने खिशातलं नाणं काढून पायाखाली सरकवलं,
पुन्हा हलवलं.
"फरशी नाही. हा खोटं बोलतोय."
एकतीस वर्षं ती खनिजाच्या धक्क्यावर क्रेन चालवते,
टांगलेल्या वजनाशी तिचं
रोजचं बोलणं.

दुसऱ्याचे पाइप बरे होते.
वेल्डिंगवर तिने बोटाचं पेर वाजवलं,
मडकं वाजवून घेतात तसं,
आणि मान हलवली. मग पायाचा रोलर दाबला.
फोम बोटाखाली चेपला तो चेपलेलाच राहिला.
"डोकं खाली, पाय वर, छातीवर लोखंड.
अशा वेळी माणूस फक्त पोटऱ्यांनी धरलेला असतो.
आणि तू मला हे पावाचं काळीज देतोस?"

मग तिला कोपऱ्यातला दिसला. तुरुंगातला.
तीन इंची चौकोनी पाइप, रंगाचे चार थर,
खालून कुणीतरी खिळ्याने ओढलेल्या रेघा,
दिवसांच्या असतील, किंवा उठावांच्या.
कुरूप. दोघांनी उचलला तर कमरा बोलल्या.
ती त्यावर आडवी झाली,
चष्मा घसरून कपाळावर गेला,
चेहरा लाल होत गेला.
"लाव. दोन्हीकडे एक मोठी, एक मधली."
मी प्लेटा लावल्या आणि सवयीने
तिच्या डोक्यामागे उभा राहिलो,
तळवे बारखाली.

"बाजूला हो."

एकटी दाबणार?

"त्यासाठीच तर घेतेय."
उलट्या चेहऱ्याने, छताकडे बघत म्हणाली,
"रायनो उभा राहायचा तिथे. सव्वीस वर्षं.
बारला बोट लावलं नाही कधी.
नुसता असायचा.
ऑक्टोबरपर्यंत."

आमच्याकडे कुणी महिन्याचं नाव घेऊन थांबलं
की पुढचं विचारत नाहीत.

मी खडू आणला.
म्हटलं, पूर्ण श्वास सोडा, छाती बसू द्या.
तिथे, गळ्याच्या वर, छातीच्या किंचित खाली,
दोन्ही खांबांवर खूण केली.
बार निसटलाच तर उताराने गळ्याकडे येणार,
त्याआधी त्याला झेलायला
दोन हात हवेत. लोखंडाचे.
"किती जाड?" तिने विचारलं.
मी अंगठा दाखवला. तिने तिचा दाखवला.
तिचा जाड होता. तोच धरला.

गुरुवारी तिच्या गॅरेजात पोचवला.
तिने भरलेला बार मुद्दाम सोडला त्या हातांवर.
एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा
शेजारचा कुत्रा भुंकायला लागला,
भिंतीवरचा पाना खाली पडला.
बाक जागचा हलला नाही.
रंग उडालाय म्हणून चाळीस डॉलर कमी दिले.
मी घेतले.

"आता जा," ती म्हणाली.

दार ओढून घेतलं, ट्रकमध्ये बसलो,
किल्ली हातातच ठेवली.
आतून ती मोजत होती, फिनिशमध्ये,
यक्सी, काक्सी, कोल्मे.
मला तीनपर्यंतच येतं.
पुढचे आकडे मी माझे लावले,
काच धुरकटत गेली,
आठव्याला लोखंडावर लोखंड नीट टेकल्याचा
आवाज आला.