पाच किलोपर्यंत

रेइयो हाताक्का, वय चोपन्न,
आमच्या इमारतीत तिन्ही दारांनी येतो.
सोमवारी पाठीसाठी.
बुधवारी कामासाठी.
आणि महिनाअखेरीला घरभाड्यासाठी,
त्या दाराशी तो बूट जरा जास्तच वेळ पुसतो.

मी स्वागताला बसते.
स्वागत म्हणजे एक काच, काचेला भोक, भोकामागे मी.
माझ्या जागेवरून पार्किंग दिसतं, त्यापलीकडे गोठलेलं आखात,
आणि कागद कारखान्याची चिमणी.
तिच्यातून आता काहीच निघत नाही,
तरी पाहुणे विचारतात, वास कसला येतो?
आम्हाला तर वास गेल्याचाच वास येतो.

डॉक्टर म्हणतात, काम कुठलं ते रोजगारवाल्यांना विचारा.
रोजगारवाले म्हणतात, झेपेल किती ते डॉक्टरांना विचारा.
तिसऱ्या दारातली बाई भली आहे,
ती म्हणते, त्या दोघांचं आधी ठरू दे,
तोवर बँकेचे तीन महिन्यांचे उतारे आणा.
एक दार दुसऱ्याला खो देतं, दुसरं तिसऱ्याला,
पळतो मात्र हाच.
पळतो म्हणजे,
उजवा पाय किंचित ओढत.

फॉर्म दिला की आधी वाचत नाही.
अंगठा आणि बोटात धरून चोळतो.
"ऐंशी ग्रॅम," म्हणतो. "आमचा नाही.
आमचा कडेला असा वळायचा नाही."
मग खिशातून चष्मा.

प्रश्न सहावा: तुमची कार्यक्षमता, शून्य ते दहा.
"कुठल्या कामाची?"
तसं काही लिहिलेलं नाही, मी म्हणते.
"बसण्याची? उभं राहण्याची? वाट बघण्याची?"
चौकोन रिकामा ठेवता येत नाही, मी म्हणते.
त्याने चार लिहिलं.
चारच का?
"तीन लिहिलं की कीव येते,
पाच लिहिलं की पत्र येतं."

शरद ऋतूत हेलसिंकीहून एक मुलगी आली होती,
संशोधक, हिरवा मफलर, फार नम्र.
तिने भिंतीवर तीन वर्तुळं दाखवली, आरोग्य, मदत, रोजगार,
एकमेकांवर थोडी थोडी चढलेली.
मधे जिथे तिन्ही मिळतात
तिथे मसुराएवढी जागा.
ती म्हणाली, आम्हाला या लोकांना समजून घ्यायचंय.
मला विचारायचं होतं, तिथे खुर्ची आहे का?
पण तोवर केक कापला गेला.

जानेवारीत एका पहाटे, उणे एकोणीस,
माझी पाळी सातची, मी साडेपाचला चालत निघालेले.
हिल्या आजींच्या दाराशी कुणीतरी बर्फ उपसत होतं.
दिवा न लावता.
फावडं जमिनीला घासू नये म्हणून उचलून,
पूर्ण भरून, पूर्ण उचलून.
ओढणारा उजवा पाय मी ओळखला.

त्याच्या कागदावर लिहिलंय: वजन उचलणे, पाच किलोपर्यंत.
ओल्या बर्फाचं एक फावडं किती भरतं
हे या गावात शाळकरी पोरसुद्धा सांगेल.
हिल्या आजी शहाऐंशी वर्षांच्या.
त्यांच्याकडे नर्स येते आठला,
आणि बर्फ असला तर परत जाते.

त्याने मला पाहिलं.
फावडं पाठीमागे धरलं, चोरून सिगारेट धरतात तसं.
मी म्हटलं, गार आहे आज.
तो म्हणाला, हो. गार आहे.

बुधवारी तो आला नाही. गुरुवारीही नाही.
पाठ.
संगणकाने विचारलं: अनुपस्थितीचं कारण?
खाली उतरणाऱ्या यादीत नऊ पर्याय होते.
मी बराच वेळ बाण वरखाली करत राहिले,
मागे रांगेत कुणीतरी खोकलं,
मग मी "इतर" दाबलं.

पुढे एक मोठी मोकळी पट्टी उघडली:
कृपया सविस्तर लिहा.

मी लिहिलं, गार आहे.
आणि पुढचा नंबर पुकारला.